येळवस, मामीची गाडगी आणि तेरची मडकी

मामीचा फोन नोव्हेंबरातच आला होता. "यंदा येळवस सोमवारी हाय बग. वालाला लै शेंगा लागल्यात, तोडायला माणूस नाही. लेकराला घेऊन ये."

माझं आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. लग्नानंतर मी छत्रपती संभाजीनगरला आले आणि वेळ अमावास्या हळूहळू सुटत गेली. इकडे हा सण फारसा कुणाला माहीत नाही. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवकडे प्रत्येकाला रानात घेऊन जाते. बोलताना तिला सगळे येळवसच म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात याच दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. आपली 'येळ' त्यातूनच आली असावी असं मला वाटतं.

माझ्या गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आणि सहा ड्रम आहेत. पाकिटातलं बी आणून लावायचं, भाजी काढायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट आणायचं, असं सात वर्षं चाललं होतं. मामीकडून बी आणायचं हे या वेळी निघतानाच ठरवलं होतं.

शनिवार, २८ डिसेंबर : संभाजीनगर ते अंबाजोगाई

सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. बीड मागे पडेपर्यंत ऊन दिसलं नाही. मांजरसुंब्याचा घाट ओलांडला आणि दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली. ती पोटऱ्यातून बाहेर आलेली, कणसं हिरवी आणि भरलेली.

केजच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका शेतात आगटी पेटलेली दिसली, म्हणून थांबलो. पाटी नव्हती, मंडप नव्हता. शेतकरी काका, त्यांची सून आणि दोन नातवंडं बसली होती. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा लालभडक विस्तव आणि त्यात खुपसलेली कणसं. भाजलेलं कणीस काका तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि गरम दाणे सरळ आमच्या ओंजळीत टाकायचे. सोबत लसणाची चटणी, जवसाची चटणी, गुळाचा खडा आणि वाटीभर दही. लेकीने पहिली ओंजळ जरा बिचकतच तोंडात टाकली. दुसरी तिने स्वतः मागून घेतली.

हुरड्याचं वाण कोणतं, असं विचारलं. "गुळभेंडी. घरच्यापुरती चार ओळी." हुरड्याच्या ज्वारीचा दाणा कोवळेपणी कोंड्यातून सहज सुटतो आणि गोड लागतो. भाकरीच्या ज्वारीचा हुरडा करायला गेलं तर चोळूनचोळून हात सोलतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठीच परभणी वसंत हे वाण काढलं आहे. तेही काकांना माहीत होतं, पण "ह्याची चव तोंडात बसलीय" म्हणाले. बोलताबोलता ते सारखे आभाळाकडे बघत होते. या दिवसांत पाऊस झाला तर कणीस काळं पडतं.

हुरडा खायला जायचं असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर हे दिवस धरा. सकाळी पोट रिकामं ठेवून जा. वरून पाणी ढोसू नका, ताक प्या. आणि कुणाच्या शेतात असे थांबलात तर लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय उठू नका. काकांनी पैसे घेतले नाहीत. गाडीत संत्री होती, ती दिली.

संध्याकाळी अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेतलं. लॉजवर गरम पाणी मिळालं नाही, बाकी सगळं ठीक.

रविवार, २९ डिसेंबर : मुकुंदराज, गंजगोलाई, आजोळ

पहाटे मुकुंदराजांच्या समाधीला गेलो. गावाबाहेर बालाघाटाच्या कुशीत दरीच्या काठावर ही जागा आहे. आभाळ रात्रीतून मोकळं झालं होतं आणि थंडी एकदम उतरली होती. दरीत धुकं, वर कोवळं ऊन. पायऱ्यांवर एक आजोबा घोंगडी पांघरून विवेकसिंधु वाचत बसले होते. शके १११० मधला मानला जाणारा मुकुंदराजांचा हा ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीची मराठी. मी थोडा वेळ मागे उभी राहून ऐकत होते. अर्थ सगळा लागत नव्हता, पण उठून जाववत नव्हतं.

लातुरात मावसबहिणीकडे जेवण होतं. जेवणाआधी तिची गच्ची बघितली आणि तिथेच माझा तास गेला. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात तिची सगळी झाडं गेली. नंतर तिने बाग पुन्हा उभी केली ती मडक्यांवर. प्रत्येक ड्रमच्या मधोमध एक साधं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. त्यात पाणी भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं, मुळं त्याच्याभोवती जाळं करतात आणि माती वरून कोरडी दिसली तरी झाड टवटवीत राहतं. हिवाळ्यात ती पाच दिवसांनी मडकं भरते, उन्हाळ्यात दोन दिवसांनी. भाज्या धुतलेलं पाणी गाळून त्यात जातं. साबणाचं पाणी मात्र मडक्यात घालायचं नाही, भोकं बुजतात.

दुपारी गंजगोलाईत गेलो. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती गोल बाजारपेठ, तिथून सोळा रस्ते फुटतात. येळवसेच्या आदल्या दिवशी त्या सोळाही रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग, हरभऱ्याच्या डहाळ्याच्या पेंढ्या, वटाणा, बोरं, ऊस, गाजरं आणि आंबिलीसाठी नवी मडकी. एका मावशींकडे कोथिंबिरीची जुडी होती. तिचा वास मला दोन दुकानं अलीकडे आला. "कास्ती हाय, दुसरी न्हवं." कास्ती कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ या लातूरच्या तिन्ही गोष्टींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मावशींकडे याच कोथिंबिरीचे धने होते, पाव किलो घेतले.

त्या धन्यांबद्दल इथेच सांगते. धने अख्खे पेरू नका. लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. सहा-सात इंच खोल ट्रे पुरतो. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. ऊन तापलं की कोथिंबीर पानं सोडून फुलावर जाते.

दिवे लागणीला गावात पोचलो. मामी ओट्यावरच बसली होती. "कवा निघालाव? चहा पेलाव का?" एवढं विचारून तिने लेकीच्या पुढ्यात तुरीच्या शेंगांचं टोपलं सरकवलं. रात्री अकरापर्यंत आम्ही सहाजणी शेंगा सोलत होतो. वाल, वटाणा, तूर, हरभरा, ओल्या भुईमुगाचे दाणे, सगळं वेगवेगळ्या ताटात. मामी अधूनमधून उठून आंबिलीचं मडकं बघून यायची. ज्वारीचं पीठ ताकात कालवून ती ते रात्रभर मुरू देते.

सोमवार, ३० डिसेंबर : येळवस

पहाटे चारला चूल पेटली. आंबील शिजवून त्यात लसूण, आलं, जिरं, मिरची वाटून घातली आणि ती पुन्हा मडक्यात ओतली. मग भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. काल सोललेले सगळे दाणे, गाजर, मेथी, चाकवत, कांद्याची पात, चिंचेचं पाणी आणि डाळीचं पीठ असं एका मोठ्या पातेल्यात घोटून शिजवलेली दाट भाजी. त्या हंगामात रानात जे आहे ते सगळं तिच्यात असतं. मामीला प्रमाण विचारलं तर म्हणाली, "पीठ कमी, दाणे जास्त. चमचा उभा राहिला की झाली." जोडीला बाजरीचे वाफवलेले उंडे, बाजरीच्या भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या.

नऊच्या सुमारास निघालो. दादाच्या डोक्यावर घोंगडीवर ठेवलेलं आंबिलीचं मडकं, वहिनीच्या डोक्यावर टोपलं. गावातली घरंच्या घरं कुलूप लावून रानाकडे चालली होती. बांधावर दव इतकं की चपला हातात घ्याव्या लागल्या. काळ्या रानात जाणार असाल तर जुने बूट घाला. चप्पल मातीतच अडकून राहते.

रानात दादाने कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटं खोपट, केली होती. आत पाच दगड चुना लावून मांडलेले, ते पांडव. हळदीकुंकू, नैवेद्य झाला. मग दादाने आंबिलीत उंडा कुस्करून घेतला आणि पिकातून चालत ते, म्हणजे चर, शिंपडायला सुरुवात केली. मागे आम्ही सगळे, "ओलगे ओलगे सालम पलगे!" शब्द कानडी वळणाचे आहेत. लहानपणापासून मी ते असेच ओरडत आले. लेक आधी लाजत होती. शेजारच्या रानातून तशीच आरोळी आली, तशी तिने इतक्या जोरात उत्तर दिलं की पलीकडचे लोक हात हलवायला लागले. त्यानंतर अर्धा तास ती आणि त्या रानातली पोरं एकमेकांना नुसते आवाज देत होती.

जेवण आंब्याखाली झालं. थंड आंबील ओंजळीने प्यायची, घशातून उतरताना तिचा आंबूसपणा आणि लसणाचा झटका बरोबर येतो. उंडा भज्जीत कुस्करायचा. वरून कच्चं तेल. मी किती खाल्लं ते मोजलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या दोन अनोळखी पोरांना मामीने हाक मारून बसवलं. ती सोलापूरकडची, मोटारसायकलवरून लातूरला निघालेली. येळवसेला रस्त्याने कुणी उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा इथला रिवाज आहे. तुमचं इकडे कुणी नसलं तरी या. कोणत्याही बांधावर उभे राहिलात तर हाक येईल. फक्त त्या दिवशी लातूर शहरातली दुकानं बहुतेक बंद असतात, तेव्हा पेट्रोल, औषधं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी मामीजवळ बियांचा विषय काढला. ती मला घेऊन घरी परत आली. गोठ्याच्या भिंतीवर शेणाचे चार गोळे थापलेले होते, आत दोडक्याच्या आणि भोपळ्याच्या बिया. कीड लागत नाही. आतल्या खोलीत गाडग्यांची उतरंड. वरच्यात करडई, मग अंबाडी, मग जांभळ्या शेंगांचा वाल, सगळ्यात खाली वाळूक, काकडीसारखंच गावरान फळ. प्रत्येक गाडग्यात बी राखेत मुरवलेलं आणि तोंडाला फडकं बांधून वर शेण लिंपलेलं.

वाळकाचं गाडगं तिने उघडलं आणि बोलता बोलता सांगितलं, "हे ढिगाऱ्यातलं हाय."

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छपन्नला किल्लारीचा भूकंप झाला. आदली रात्र गणपती विसर्जनाची, माणसं थकून झोपलेली. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छत. मामीच्या घरची माणसं वाचली, म्हैस गेली, चुलत घरातली दोन माणसं गेली. गाडगी सगळी फुटली. पुढच्या वर्षी ते पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पाऊस पडला आणि जुन्या घराच्या ढिगाऱ्यावर वाळकाचे वेल उगवून आले. सगळा ढिगारा हिरवा झाला, पिवळी फुलं आली, वाळकं लागली.

"खाल्लं का कुणी?" मी विचारलं.

"नाही. कुणाच्या तोंडात घास गेला असता? बी मात्र धरलं."

त्यानंतर तीस वर्षं ती ते बी दरवर्षी पेरते, दरवर्षी धरते. हे मला आजवर माहीत नव्हतं. मी तिथल्या जमिनीवर बसूनच राहिले. मामीने माझ्या पदरात मूठभर बी टाकलं आणि गाडगं पुन्हा लिंपून टाकलं.

संध्याकाळी दादाने कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा केला आणि तो घेऊन रानाच्या कडेने धावत फेरी मारली. दूरपर्यंत प्रत्येक रानात तशी एकेक ज्योत पळताना दिसत होती. गव्हा-हरभऱ्याला ऊब मिळते म्हणतात. लेक माझा हात धरून उभी होती, तिला फोटो काढायचं सुचलं नाही.

मंगळवार, ३१ डिसेंबर : खरोसा आणि चिंच

सकाळी खरोशाची लेणी बघितली. लालसर जांभ्यात कोरलेली ही जुनी लेणी वेरूळइतकी रेखीव नाहीत, दगड ठिसूळ आहे आणि मूर्ती झिजल्या आहेत. पण टेकडीवरून दिसणारा रब्बीचा पट्टा बघायला तरी जाच. हरभरा, ज्वारी, करडई अशा वेगवेगळ्या हिरव्यांच्या चौकटी दिसतात.

तिथून निलंगा तालुक्यात पानचिंचोलीकडे गेलो. चिंच अजून पिकायची होती, झाडाखाली गाभुळलेल्या शेंगा पडल्या होत्या. एका आज्जींनी घरातली गेल्या हंगामाची चिंच दाखवली, गर जाड आणि आंबटपणात गोडी. नवी चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, घ्यायची तर तेव्हा जा. जुनी चिंच काळी पडलेली असली तरी टाकाऊ नसते. आमटीला तीच बरी, असं आज्जी म्हणाल्या. त्यांनी येसराच्या आमटीसाठी घरचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ, बांधून दिलं.

परत आल्यावर दादा माझ्यासाठी रानातल्या काळ्या मातीचं पोतं भरत होता. त्याला थांबवलं आणि अर्धंच घेतलं. काही वर्षांपूर्वी याच मातीने मी दहा कुंड्या भरल्या होत्या आणि पावसाळ्यात सगळी मुळं कुजली होती. काळी माती रानात सोनं आहे, कारण तिथे ती खोल आहे आणि तिला भेगा पडायला जागा आहे. कुंडीत ती एकटी घातली तर ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. तिसरा हिस्सा माती, तिसरा कंपोस्ट आणि तिसरा वाळका पालापाचोळा किंवा कोकोपीट, असं मिसळलं तर चालते.

बुधवार, १ जानेवारी : उजनी, तेर, घर

निघताना मामी वेशीपर्यंत आली. वाटेत औसा-तुळजापूर रस्त्यावर उजनीला बासुंदीसाठी थांबलो. सकाळी साडेदहाला बासुंदी खाणं शहाणपणाचं नाही, पण ती इतकी आटवलेली होती की दुसरी वाटी मागवली. तुळजापूरला वर्षाचा पहिला दिवस म्हणून तुफान गर्दी होती. कळसाला हात जोडून पुढे निघालो.

तेरला मात्र वेळ काढून गेलो. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर, रोमन काळात इथून व्यापार चालायचा. लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, भांडी आहेत. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी जुळणारी आहे. लेक त्या मूर्तीपाशी बराच वेळ थांबली. विटांचं त्रिविक्रम मंदिरही बघा.

मग गोरोबाकाकांची समाधी. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं म्हटलं, ती कथा लेकीला तिथेच सांगितली. बाहेर एक कुंभारदादा बसले होते. मला ड्रमात पुरायला सहा मडकी हवी होती. त्यांनी एकेक उचलून बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं, खणखणीत वाजलं ते बाजूला आणि बद्द वाजलं ते परत. "पुरायची असली तर लै पक्की नको ताई. पक्कं पाझरत नाही." शेवटी त्यांनी मध्यम भाजलेली सहा निवडून दिली. कडब्यात गुंडाळून बांधली, एकही फुटलं नाही. घरी आणल्यावर नवी मडकी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा, मगच पुरा. कोरडं मडकं आधी भोवतालच्या मातीचंच पाणी ओढून घेतं.

कळंब, केज, बीड करत रात्री अकराला घरी पोचलो.

त्यानंतर

धने नवव्या दिवशी उगवले. वास लातूरच्या बाजारातल्या जुडीइतका नाही, पण पान हातात चुरगळलं की स्वयंपाकघरापर्यंत येतो. वाल आणि अंबाडी जूनसाठी ठेवली आहेत.

वाळकासाठीही मामीने पावसाची वाट बघायला सांगितलं होतं, पण उन्हाळी वाळूकही होतं म्हणून मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका ड्रमात चार बिया लावल्या. मध्ये तेरचं मडकं. तीन उगवल्या. मार्चमध्ये फुलं आली, सगळी नराची. मामीला फोन केला. "पयली नराचीच येत्यात. वेल हलवू नको, पाणी मडक्यातच घाल." आठ दिवसांनी एका फुलाखाली बोटाच्या पेराएवढं, लव असलेलं वाळूक दिसलं. दादाच्या फोनवर फोटो पाठवला. लगेच मामीचा आवाज आला, "खायला ठेवायचं का बी धरायला?"

"एकच लागलंय मामी," मी म्हटलं.

"मग धर," ती म्हणाली. "दुसरं खा."